राखणीच्या कुत्र्यास मसाल्याचे मांस द्यावे काय?

शेतीस उपयोगी पडणाऱ्या जनावरांची नावे घेताना आपण बैल, गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि कोंबडी यांची नावे घेतो. कुत्र्याचे नाव बहुधा कोणी घेत नाही. वास्तविक मळ्यातील वस्तीवर रात्रभर पहारा करणारा, मेंढवाड्याभोवती लांडग्याची चाहूल लागताच साऱ्यांना जागे करणारा आणि उभ्या भुईमुगातून रानडुकरांना हुसकून लावणारा हा प्राणी शेतकऱ्याच्या संसारातील एक गडीच होय. हा गडी साल मागत नाही. घरात उरेल ते खाऊन तो आपले काम करीत असतो. यामुळेच त्याच्या अन्नाचा वेगळा विचार करावा असे आपल्याला सहसा वाटत नाही.

सणावारी, जत्रेच्या दिवसांत किंवा घरी पाहुणे आले असता मटण अथवा कोंबडी शिजते. माणसांची जेवणे आटोपली की पातेल्यात राहिलेला तांबडा रस्सा, ताटांतील हाडे आणि भाकरीचे तुकडे एकत्र करून कुत्र्यापुढे ठेवले जातात. कुत्राही ते आवडीने खातो. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. उलट आपल्या ताटातील चांगला घास मुक्या जनावरास द्यावा अशीच भावना असते. परंतु माणसासाठी मसाला घालून शिजविलेले मांस कुत्र्यास मानवते काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासून पाहण्याजोगा आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, मांस कुत्र्यास मानवते. मांसाबरोबर जाणारा कांदा, लसूण, फाजील मीठ, तेलकट तवंग आणि शिजलेली हाडे ही त्यास मानवत नाहीत.

मांस व भाकरी

कुत्रा हा लांडग्याच्या वंशातील प्राणी आहे. मांस पचविण्याची शक्ती त्याच्या ठायी जन्मजातच असते. तथापि हजारो वर्षे माणसाच्या दारी राहिल्यामुळे त्याच्या पचनशक्तीत एक महत्त्वाचा बदल झालेला आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचविण्यास लागणाऱ्या पाचकरसाचा आनुवंशिक घटक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक पटींनी असतो. ज्वारी-बाजरीची भाकरी व भात कुत्र्याच्या अंगी लागतो याचे कारण हेच होय. सबब भाकरी बंद करून कुत्र्यास केवळ मांसावर ठेवण्याची गरज नाही, आणि मांस दिल्याने तो हिंस्र बनतो या समजुतीसही आधार नाही. भाकरी आणि थोडे साधे उकडलेले मांस हे राखणीच्या कुत्र्यास उत्तम अन्न आहे. अडचण निर्माण होते ती वाटण आणि फोडणीपाशी.

कांदा व लसूण : मुख्य धोका

आपल्या स्वयंपाकातील कोणतेही मांसाहारी कालवण कांदा-लसणावाचून होत नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडे तर तिखटाच्या जोडीला कांदा-लसूण मसाला वर्षभर बरणीत भरून ठेवलेला असतो. हे दोन्ही पदार्थ माणसास गुणकारी आहेत. परंतु कुत्र्याच्या रक्तास ते अपायकारक आहेत.

कांदा किंवा लसूण चिरला, ठेचला वा चावला म्हणजे त्यातून गंधकयुक्त द्रव्ये मोकळी होतात. त्यांच्या उग्र वासावरून ती आपल्या परिचयाची आहेत. कुत्र्याच्या पोटातून ही द्रव्ये रक्तात गेली म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींना इजा पोहोचते. त्या ठिसूळ होतात व झपाट्याने फुटू लागतात. प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशीच अशा कमी झाल्या म्हणजे कुत्रा निस्तेज होतो, त्यास धाप लागते आणि वेळीच उपाय न झाल्यास तो दगावूही शकतो. माणसाच्या तांबड्या पेशी या द्रव्यांपुढे टिकाव धरतात, कुत्र्याच्या धरीत नाहीत. मांजर तर याबाबतीत कुत्र्याहूनही नाजूक आहे.

हा शोध काही कालचा नव्हे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यातील सेब्रेल या शास्त्रज्ञाने कांदा खाऊ घातलेल्या कुत्र्यांत रक्तक्षय होतो असे १९३० साली प्रसिद्ध केले. लसणासंबंधी जपानमध्ये झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. कुत्र्यांना दर किलो वजनामागे ५ ग्रॅम लसणाचा अर्क सात दिवस दिला असता त्यांच्या तांबड्या पेशींना इजा झाल्याचे त्यात आढळून आले.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, शिजविल्याने, तळल्याने किंवा वाळविल्याने कांद्यातील हा दोष नाहीसा होत नाही. कच्चा कांदा उग्र लागतो व परतलेला कांदा गोड लागतो. म्हणून परतलेला कांदा निरुपद्रवी असावा असे वाटणे साहजिक आहे, पण तसे नाही. शिवाय कांदा पाण्यात शिजला म्हणजे ती द्रव्ये रश्श्यातही उतरतात. तेव्हा कांद्याच्या फोडी वेचून काढून नुसता रस्सा भाकरीवर ओतल्यानेही धोका टळत नाही. दुसरी गोष्ट अशी की, कांद्यात दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच असते. त्यामुळे वाळविलेल्या कांद्याचा एक चमचा ओल्या कांद्याच्या कितीतरी फोडींच्या बरोबरीचा ठरतो. कांदा-लसूण मसाला म्हणूनच अधिक जपून वापरावयास हवा.

प्रमाणाचा हिशेब

आपल्यापैकी पुष्कळ जण म्हणतील की, आमच्या वाडवडिलांपासून कुत्री हेच खात आली आहेत व ती काही मेली नाहीत. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रमाणात आहे.

कुत्र्याच्या वजनाच्या शेकडा अर्धा भाग इतका कांदा एका वेळी पोटात गेला म्हणजे विषबाधा होते असे पशुवैद्यकशास्त्र मानते. आपल्याकडील राखणीचा कुत्रा साधारण १५ किलो वजनाचा धरला तर हे प्रमाण ७५ ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या एका कांद्याइतके होते. आता एक किलो मटणास वाटण व फोडणी मिळून चार मध्यम कांदे, म्हणजे अंदाजे ३०० ग्रॅम, घातले असे समजू. त्या पातेल्यातील चौथा हिस्सा जरी कुत्र्याच्या वाट्यास गेला तरी मर्यादा गाठली जाते. लसूण व मसाला यांची भर निराळीच. भाकरीच्या तुकड्यास लागलेला थोडासा रस्सा कुत्र्याने चाटला तर लागलीच काही होत नाही, हे खरे. परंतु जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उरलेले अर्धे पातेले त्याच्यापुढे रिकामे करणे ही निराळी गोष्ट आहे. लहान पिल्लास तर एक वाटी रस्साही जड जाऊ शकतो.

दुसरे असे की, या विषबाधेची लक्षणे तत्काळ दिसत नाहीत. पहिल्या दिवशी ओकारी किंवा जुलाब होतील वा होणारही नाहीत. रक्तपेशी फुटण्याचा परिणाम पुष्कळदा तीन-चार दिवसांनी प्रकट होतो. तोवर जत्रा संपलेली असते, मटणाची आठवणही राहिलेली नसते; आणि कुत्रा मलूल पडला तर उन्हाने, साप चावल्याने किंवा कोणी काही घातल्याने असे झाले असावे असा तर्क केला जातो. कारण व परिणाम यांत चार दिवसांचे अंतर पडल्यामुळेच हा दोष पिढ्यान्‌पिढ्या नजरेआड राहिला आहे.

कांदा उत्पादक भागातील शेतकऱ्यांसाठी येथे एक पुरवणी सूचना करणे अवश्य आहे. भाव कोसळले किंवा चाळीतील माल खराब झाला म्हणजे तो गुरांपुढे टाकला जातो. कांद्याची हीच बाधा गाईबैलांनाही होते. शेळ्या-मेंढ्या त्या मानाने अधिक सोशिक आहेत. तेव्हा उकिरड्यावरील कांद्याचे ढीग गुरे आणि कुत्री या दोहोंपासूनही दूर ठेवावेत.

मीठ, तिखट व तेल

मिठाच्या बाबतीत भीती थोडी कमी आहे, पण ती नाहीच असे नाही. दर किलो वजनामागे दोन ते तीन ग्रॅम मीठ पोटात गेले म्हणजे कुत्र्यास बाधा होते. १५ किलोच्या कुत्र्यास हे प्रमाण ३० ते ४५ ग्रॅम होईल. घरच्या साध्या कालवणातून इतके मीठ एका वेळी जाणे कठीण आहे. परंतु किनारपट्टीवरील खारवलेली सुकी मासळी, लोणच्याचा खार यांत मीठ फार असते. असे अन्न खाल्ल्यावर कुत्र्यास प्यावयास पाणी मिळाले नाही, तर बाधा लवकर होते. साखळीने बांधून ठेवलेल्या कुत्र्याची तहान पुष्कळदा कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून बांधलेल्या कुत्र्याजवळ पाण्याचे भांडे सदैव भरलेले असावे.

मिरचीचे तिखट हे विष नव्हे. पण त्याने तोंडाची, पोटाची व आतड्याची आग होते आणि जुलाब लागतात. तिखट खाल्ल्याने कुत्रा तेज बनतो अशी समजूत काही ठिकाणी आहे. ती निराधार आहे. पोटाची आग झालेला कुत्रा चिडका होतो. चिडका कुत्रा चांगला राखणदार नव्हे.

तेलाचा तवंग व चरबी यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. एरवी भाकरीवर राहणाऱ्या कुत्र्याने एकाएकी भरपूर चरबी खाल्ली, तर त्याच्या स्वादुपिंडास दाह होण्याचा संभव असतो. अशा वेळी कुत्रा वारंवार ओकतो, पोट आखडून वाकून उभा राहतो व पोटास हात लावू देत नाही. हा दुखण्याचा प्रकार जीवघेणा ठरू शकतो. मटणावरून काढलेली चरबी कुत्र्याची म्हणून बाजूला ठेवण्याची पद्धत याकरिता सोडून द्यावी.

शिजलेली हाडे

कुत्रा आणि हाड यांची सांगड आपल्या मनात पक्की बसलेली आहे. परंतु शिजलेले हाड कोरडे व ठिसूळ होते आणि चावताना त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या निघतात. कोंबडीची पोकळ हाडे याबाबतीत सर्वांत वाईट होत. अशी चिरफळी घशात अडकते, आतड्यास भोक पाडते किंवा हाडांचा चुरा साठून शौचास अडथळा होतो. ताटातील हाडे गोळा करून ती खोल खड्ड्यात पुरावीत. उकिरड्यावर उघडी टाकू नयेत.

मग कच्चे द्यावे काय?

मसाला नको म्हटल्यावर कोणी असे म्हणेल की, बकरे कापतेवेळीच काळीज, फुप्फुस किंवा आतडी कच्चीच कुत्र्यापुढे टाकावीत. ही चूक मसाल्याच्या चुकीहूनही मोठी आहे. कारण मसाल्याने फक्त कुत्र्याचे नुकसान होते, कच्च्या अवयवांनी घरातील माणसांचे व कळपाचेही होते.

शेळ्या, मेंढ्या व गुरे यांच्या काळजात अगर फुप्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी आढळतात. त्या गाठींत एका पट्टकृमीची बाल्यावस्था असते. कुत्र्याने अशी गाठ कच्ची खाल्ली म्हणजे त्याच्या आतड्यात तो कृमी वाढतो. हा कृमी अवघा काही मिलिमीटर लांबीचा असल्याने सहसा नजरेस पडत नाही आणि कुत्राही धडधाकट दिसतो. मात्र त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडून गवतावर, पाण्यात, भाजीपाल्यावर आणि कुत्र्याच्या केसांवर पसरतात. ती पोटात गेली की मेंढीच्या अंगी पुन्हा गाठी होतात. आणि कुत्र्याशी खेळून हात न धुता जेवणाऱ्या मुलाच्या काळजात अथवा फुप्फुसातही तशीच गाठ वाढू लागते. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढते व पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही.

मेंढपाळांच्या परिचयाचा आणखी एक रोग याच मार्गाने येतो. मेंढी मान एका बाजूस कलती करून एकाच जागी गोल गोल फिरू लागते, तिला दिशा कळेनाशी होते. तिच्या मेंदूत दुसऱ्या जातीच्या पट्टकृमीची गाठ झालेली असते. अशा मेंढीचे डोके कच्चे कुत्र्यास घातले म्हणजे तो कृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो आणि त्याच्या विष्ठेतून रोग साऱ्या कळपात फिरत राहतो.

हे चक्र केवळ समजावून सांगण्याने व नियम पाळण्याने तोडता येते, याचे उदाहरण आइसलँड या मेंढपाळांच्या देशाने घालून दिलेले आहे. तेथे गाठीच्या रोगाने माणसे फार पिडली होती. १८६३ साली क्राब्बे नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने तेथील शंभर कुत्री तपासली, तेव्हा त्यांपैकी २८ कुत्र्यांत हा कृमी आढळला. त्याने १८६४ साली सोप्या भाषेत एक लहानशी पुस्तिका लिहिली व ती घरोघर वाटण्यात आली. पुढे १८६९ साली कायदा झाला. गाठी असलेले अवयव कुत्र्यांना मिळू न देणे व कुत्र्यांना जंताचे औषध पाजणे हेच मुख्य उपाय होते. ते पिढ्यान्‌पिढ्या चिकाटीने चालू राहिले आणि विसाव्या शतकात त्या देशातून हा रोग नाहीसा झाला. एका पुस्तिकेने ज्या कामास आरंभ झाला, ते काम आपल्या गावातही अशक्य मानण्याचे कारण नाही.

कुत्र्याचा वाटा कसा काढावा

वरील विवेचनातून निघणारा नियम साधा आहे : कुत्र्याचा वाटा फोडणीनंतर उरलेल्यातून देऊ नये, तो फोडणीपूर्वी काढावा आणि नीट शिजवून द्यावा.

आपल्या घरांत मटण प्रथम अळणी शिजवून घेण्याची रीत आहेच. लहान मुलांना व आजाऱ्यांना तेच पाणी देतात. परंतु नाव अळणी असले तरी त्यात आले-लसूण, कांदा आणि मीठ बहुधा पडलेलेच असते. म्हणून मांस धुतल्याबरोबर, त्यास काहीही लावण्यापूर्वी, कुत्र्याचा भाग वेगळा करावा.

१. मूठभर मांस चरबी व हाड काढून लहान भांड्यात घ्यावे. नुसते पाणी घालून ते शिजवावे. चिमूटभर हळद पडली तरी चालेल. मीठ, तिखट, कांदा, लसूण व तयार मसाला यांपैकी काहीही घालू नये.

२. काळीज किंवा फुप्फुस द्यावयाचे असल्यास लहान तुकडे करून ते निदान अर्धा तास खळखळ उकळावे. गाठी दिसत असलेला अवयव मुळीच देऊ नये. तो जाळावा अगर कुत्री उकरू शकणार नाहीत इतका खोल पुरावा.

३. शिजलेले मांस निवल्यावर कुस्करून दोन भाग भाकरी अथवा भात व एक भाग मांस असे मिसळून द्यावे. मांस शिजविलेले पाणी त्यावर घालण्यास हरकत नाही.

४. ज्या दिवशी मांस नसेल त्या दिवशी भाकरीबरोबर उकडलेले अंडे द्यावे.

५. शिळे, आंबलेले वा बुरशी आलेले अन्न कुत्रा खातो म्हणून देऊ नये.

६. द्राक्षे, बेदाणे व मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक आहेत. द्राक्ष बागायतदारांनी गळलेल्या घडांपासून व बेदाण्याच्या शेडपासून कुत्र्यास दूर ठेवावे.

या पद्धतीस वेगळे सरपण किंवा वेगळा खर्च लागत नाही. चुलीच्या वैलावर ठेवलेल्या लहान भांड्यात हे काम सहज होते. ज्या घरात गॅस आहे तेथे कुकरमधील एक डबा पुरे होतो.

बाधा झाल्यास

कुत्र्याने मसाल्याचे मटण भरपूर खाल्ल्याचे लक्षात आल्यास लक्षणांची वाट पाहू नये. पहिल्या तास-दोन तासांत पशुवैद्याकडे नेल्यास त्याला ओकारी करवून विष बाहेर काढता येते. घरच्या घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी करविण्याचा प्रयत्न मात्र करू नये. त्याने मिठाची बाधा होऊन एका दुखण्याची दोन दुखणी होतात. तेल किंवा तूप पाजणेही टाळावे.

त्यानंतरचे आठ दिवस कुत्र्याकडे लक्ष ठेवावे. त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. त्या फिकट अगर पिवळट दिसल्या, लघवी लालसर किंवा तपकिरी होऊ लागली, चार पावले चालताच धाप लागू लागली किंवा खाणे सुटले, तर विलंब न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. कोणते कालवण, किती व केव्हा खाल्ले हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. निदानास या माहितीची फार मदत होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा विषय जत्रेपूर्वी व सणापूर्वीच्या बैठकांत घ्यावा. स्वयंपाक भगिनींच्या हाती असतो. म्हणून ही माहिती महिला बचत गटांपर्यंत पोहोचविल्यास तिचा अंमल लवकर होईल. शाळेतील मुलांना हिरड्या कशा पाहाव्यात व कुत्र्याला हात लावल्यावर हात का धुवावेत हे शिकवावे. जत्रेच्या ठिकाणी ज्या जागी बकरी कापली जातात तेथे ग्रामपंचायतीकडून एक खोल, झाकणाचा खड्डा करून घ्यावा, म्हणजे कच्चे अवयव कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाहीत. कच्चे अवयव खाण्याची सवय लागलेल्या कुत्र्यांस दर सहा आठवड्यांनी पट्टकृमीचे औषध पाजणे इष्ट असते. त्याची मात्रा वजनावर अवलंबून असल्याने ती पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवावी. याच भेटीत पिसाळ रोगाची लस टोचून घेण्यास विसरू नये.

बैलास पेंड किती घालावी आणि गाभण गाईस काय घालू नये हे आपल्याकडील शेतकरी पूर्वापार जाणतो. तेच ज्ञान व तीच काळजी दारच्या राखणदारापर्यंत पोहोचविणे एवढेच आता करावयाचे आहे. फोडणी पडण्यापूर्वी बाजूला काढलेले मूठभर मांस त्यास पुरेसे आहे. त्याने कुत्रा निरोगी राहील, कळप सुरक्षित राहील आणि अंगणात त्याच्याशी खेळणारी मुलेही एका चिवट रोगापासून वाचतील.